कृष्णवर्णीयांचे व्यवसाय आणि त्यांची संपत्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत अटलांटाजवळ राहायला आल्यापासून मी जमेल तिथे कृष्णवर्णीय मालकांच्या दुकानांतून खरेदी करते, आणि घरच्या बचतीचा एक भाग त्यांच्या बँकेत ठेवते. इथल्या मराठी मंडळात ही गोष्ट कळली तेव्हापासून प्रश्न सुरू झाले. काही गणपतीच्या जेवणाच्या पंगतीत विचारले गेले, काही रात्री उशिरा व्हॉट्सअ‍ॅपवर आले, काही पुण्या-नाशिकच्या नातेवाईकांनी विचारले. जे पुन्हा पुन्हा आले ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. 'ब्लॅक-ओन्ड' म्हणजे नक्की काय? मालक कृष्णवर्णीय असला की पुरे का?

सर्वसाधारण मोजमाप असं: धंद्याची निदान ५१ टक्के मालकी कृष्णवर्णीय व्यक्तीकडे हवी आणि रोजचा कारभारही तिच्याच हातात हवा. नुसतं कागदावर नाव लावलेलं चालत नाही. मोठ्या कंपन्यांना माल पुरवणारे उद्योग तसं प्रमाणपत्र घेतात. नॅशनल मायनॉरिटी सप्लायर डेव्हलपमेंट कौन्सिल ही संस्था १९७२ पासून ते देते. कोपऱ्यावरचा न्हावी किंवा घरून केक करून देणारी बाई त्या वाटेला जात नाही. फी, कागदपत्रं, तपासणी यांचा तिला उपयोगही नसतो. त्यामुळे भिंतीवर प्रमाणपत्र दिसलं नाही म्हणून शंका घेऊ नका. कंपनी पुढे विकली गेली तर काय, हे प्रश्न १४ मध्ये पाहा.

२. 'कृष्णवर्णीय' म्हणायचं की 'ब्लॅक'? घरात मोठी माणसं वेगळाच शब्द वापरतात.

मराठीत लिहिताना 'कृष्णवर्णीय', इंग्रजीत बोलताना 'ब्लॅक'. दोन्ही आदराचे शब्द आहेत. 'आफ्रिकन-अमेरिकन' हाही बरोबर आहे, पण जमैका, हैती किंवा नायजेरियातून आलेले बरेच जण स्वतःला तसं म्हणत नाहीत.

घरात 'कालू' म्हटलं जातं, हे आपण सगळे जाणतो. ते थांबवा. समोरच्याला मराठी कळत नाही म्हणून तो शब्द सौम्य होत नाही, आणि घरातली मुलं तो ऐकत मोठी होतात. माझ्या सासूबाईंना मी हे एकदाच सांगितलं. त्यांनी ऐकलं, त्यासाठी वाद घालावा लागला नाही.

३. मुद्दाम रंग बघून खरेदी का करायची? चांगला माल जिथे मिळेल तिथे घ्यावा.

चांगला माल घ्यावा, हे मलाही मान्य आहे. पण कुठली दुकानं आपल्या नजरेला पडतात हे सवयीने ठरतं. आपला दंतवैद्य, आपला सीए, आपला घराचा एजंट, सगळे ओळखीतून येतात, आणि आपल्या ओळखी आपल्यासारख्याच लोकांत असतात.

आता आकडे बघा. अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे १४ टक्के आहेत. पगारी कामगार असलेले त्यांच्या मालकीचे व्यवसाय २०२२ मध्ये सुमारे १ लाख ९४ हजार ५०० होते. देशातल्या अशा व्यवसायांत हा वाटा जेमतेम ३ टक्के भरतो आणि उलाढालीत सुमारे १ टक्का. फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबांच्या रांगेत अगदी मधोमध उभ्या असलेल्या कुटुंबाची संपत्ती २ लाख ८५ हजार डॉलर निघाली. कृष्णवर्णीयांच्या रांगेत मधोमध उभ्या असलेल्या कुटुंबाची निघाली ४४ हजार ९०० डॉलर.

या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. धंद्याचं पहिलं भांडवल बँकेतून क्वचितच येतं. ते घर तारण ठेवून येतं, वडिलांच्या बचतीतून येतं, मामाने हातउसने दिलेल्या पैशांतून येतं. ज्याच्या घरी मागच्या दोन पिढ्यांत काही साठलंच नाही, त्याचं दुकान उघडण्याआधीच अडतं. आणि ते का साठलं नाही, हे पुढच्या उत्तरात.

४. गुलामगिरी संपून दीडशे वर्षं होऊन गेली. अजून एवढा फरक कसा?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. गुलामगिरी संपल्यावर साठवलेलं पुन्हा पुन्हा काढून घेतलं गेलं, आणि तेही बहुतेक वेळा सरकारी कागदावर सही करून.

जानेवारी १८६५ मध्ये यादवी युद्धातल्या उत्तरेच्या सैन्याचे जनरल शर्मन यांच्या हुकुमाने साउथ कॅरोलिना, जॉर्जिया आणि फ्लोरिडाच्या किनारपट्टीवरची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना द्यायची ठरली. एका कुटुंबाला जास्तीत जास्त ४० एकर. लोकांनी त्या जमिनीवर पेरणीही केली. एप्रिलमध्ये लिंकनची हत्या झाली, आणि वर्ष सरायच्या आत नवे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी ती जमीन जुन्या मळेवाल्यांना परत देऊन टाकली.

त्याच वर्षी मार्चमध्ये फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक स्थापन झाली. मोलमजुरी करणाऱ्या लोकांनी तिच्यात पै-पै ठेवली. कारभाऱ्यांनी तो पैसा बेभरवशाच्या कर्जांत घातला. मार्च १८७४ मध्ये गुलामगिरीविरुद्ध लढलेले कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस यांना अध्यक्ष केलं तेव्हा बँक आतून पोखरलेली होती. त्यांनी स्वतःचे १० हजार डॉलर ओतून पाहिले, पण जूनमध्ये बँक बंद पडली. ६१ हजारांवर ठेवीदारांचे सुमारे ३० लाख डॉलर अडकले. बुडालेल्या पतसंस्थेसमोरची रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मग विसावं शतक. १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले. कृष्णवर्णीय वस्त्यांना लाल रंग, म्हणजे इथे कर्ज देणं धोक्याचं. घरकर्जाला सरकारी हमी देणाऱ्या खात्यानेही अशा वस्त्यांना दूर ठेवलं. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी १९४४ चा कायदा आला: स्वस्त घरकर्ज, शिक्षण, धंद्याला मदत. अमेरिकेचा मध्यमवर्ग त्यावर उभा राहिला. कर्ज द्यायचं की नाही हे मात्र स्थानिक बँक ठरवत होती. मिसिसिपीतल्या १३ शहरांत १९४७ साली या योजनेखाली ३,२०० हून जास्त कर्जं मंजूर झाली. त्यांतली कृष्णवर्णीय सैनिकांच्या वाट्याला आली फक्त २.

घर खरेदीतला भेदभाव कायद्याने बंद झाला १९६८ मध्ये. म्हणजे आज साठी ओलांडलेल्या माणसाच्या जन्मानंतर.

५. तुल्साचं नाव सारखं ऐकतो. तिथे काय घडलं?

ओक्लाहोमा राज्यातल्या तुल्सा शहरात ग्रीनवुड नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती होती. ओ. डब्ल्यू. गर्ली यांनी १९०६ च्या सुमारास तिथे जमीन घेऊन ती आपल्या लोकांना विकायला सुरुवात केली. पंधरा वर्षांत हॉटेलं, नाट्यगृह, किराणा, दवाखाने, वर्तमानपत्रं उभी राहिली. जे. बी. स्ट्रॅडफर्ड यांचं हॉटेल देशभर माहीत होतं. लोक या भागाला 'ब्लॅक वॉल स्ट्रीट' म्हणू लागले.

लिफ्टमधल्या एका क्षुल्लक प्रसंगावरून एका कृष्णवर्णीय तरुणाला अटक झाली, आणि ३१ मे १९२१ च्या रात्रीपासून १ जूनपर्यंत गोऱ्या जमावाने ग्रीनवुड जाळलं. वस्तीचे सुमारे ३५ ब्लॉक खाक झाले, हजाराहून जास्त घरं गेली. मृतांचा अंदाज १०० पासून ३०० पर्यंत दिला जातो. विमा कंपन्यांनी दंगलीचं कलम दाखवून दावे नाकारले.

पुढची गोष्ट फारशी सांगितली जात नाही, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. राख गरम असतानाच शहराने बांधकामाचा असा नियम काढला की गरिबाला पुन्हा घर बांधणंच परवडू नये. बी. सी. फ्रँकलिन या वकिलांनी तंबूत कचेरी थाटून त्याविरुद्ध लढा दिला, आणि तो नियम रद्द झाला. लोकांनी ग्रीनवुड पुन्हा उभं केलं, स्वतःच्या पैशांनी. १९२५ मध्ये कृष्णवर्णीय व्यापाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेचं अधिवेशन तिथेच भरलं. नंतर महामार्ग त्या वस्तीतून काढला गेला, आणि आगीने जे झालं नव्हतं ते काँक्रीटने केलं. अटलांटातल्या कृष्णवर्णीयांच्या जुन्या पेठेत, ऑबर्न अ‍ॅव्हेन्यूवरही तेच झालं. डाउनटाउन कनेक्टरवरून आपण रोज गाड्या पळवतो तो रस्ता तिच्याच छातीवरून जातो.

उरलेल्या वृद्ध साक्षीदारांचा भरपाईचा दावा ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये फेटाळला.

६. असे व्यवसाय शोधायचे कसे? दारावर तर काही लिहिलेलं नसतं.

गूगल मॅप्सने २०२० मध्ये अशा व्यवसायांसाठी वेगळी खूण सुरू केली. बहुतेक मोठ्या शहरांत कृष्णवर्णीय व्यापाऱ्यांची चेंबर असते, तिची यादी मिळते. पण सगळ्यात भरवशाची वाट म्हणजे विचारणं. ऑफिसातल्या सहकाऱ्याला, शेजाऱ्याला सरळ विचारा: चांगला प्लंबर कोण, चांगला फोटोग्राफर कोण? चर्चमधून धंद्यांची माहिती फिरते, आपल्याकडे मंडळातून फिरते तशी.

सुरुवात मेणबत्त्या आणि टी-शर्टने करू नका. वर्षाचा खर्च कागदावर मांडा. मोठे आकडे कुठे दिसतात? कर सल्लागार, विमा एजंट, दात, गाडीची दुरुस्ती, घराचं छप्पर, मुलांची शिकवणी. त्यांतली एक गोष्ट यंदा बदला. आमच्या मंडळाने गणपतीच्या कार्यक्रमाची ध्वनियंत्रणा अशीच बदलली. पहिल्या वर्षी आरतीला माइक केव्हा लावायचा हे त्या माणसाला समजावावं लागलं, दुसऱ्या वर्षी तो आमच्या आधी तयार होता.

७. त्यांच्याकडे महाग मिळतं का?

कधी कधी. छोटा दुकानदार माल थोडा घेतो, त्याला घाऊक भाव मिळत नाही. हे आपल्या वाण्याच्या दुकानालाही लागू आहे. परवडत नसेल तर घेऊ नका, त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. पण 'तुमच्यासाठी मुद्दाम आलोय, काही कमी करा' असं कधीही म्हणू नका. माल आवडला तर नेटवर चार ओळींचं चांगलं मत लिहा. छोट्या धंद्याला त्याची किंमत फार असते. नाही आवडला तर त्यांना तिथल्या तिथे सांगा, इतर कुठल्याही दुकानात सांगाल तसं.

८. नुसत्या खरेदीने संपत्ती कशी वाढेल?

नुसत्या खरेदीने फार वाढत नाही. हे मी स्पष्ट सांगते, कारण अनेकांना तसं वाटतं आणि दोन वर्षांनी ते निराश होतात. गल्ल्यात आलेला पैसा भाड्यात जातो, व्याजात जातो, मालाच्या बिलात जातो. उरतं ते मालकाचं, आणि ते पिढीला पुरेल असं व्हायचं तर तीन गोष्टी लागतात: परवडेल असं कर्ज, वर्षानुवर्षं टिकणारं मोठं गिऱ्हाईक, आणि पायाखालची स्वतःची जागा.

म्हणून माझ्या लेखी मदतीचा क्रम असा. बँकेतली ठेव सगळ्यात वर, कारण तिच्यातून कर्जं निघतात (प्रश्न १०). मग कंत्राट: तुमच्या कंपनीत खरेदीचा निर्णय तुमच्या टेबलावर येत असेल, तर निविदा मागवताना दोन नवी नावं यादीत घाला. निकष सगळ्यांना सारखेच ठेवा, पण दार तरी उघडा. त्यानंतर नियमित लागणाऱ्या सेवा. सणासुदीची भेटवस्तू शेवटी. जमिनीचा विषय मोठा आहे, तो प्रश्न ११ मध्ये.

९. 'आशियाई वस्तीत डॉलर महिनाभर फिरतो, कृष्णवर्णीय वस्तीत सहा तासांत बाहेर जातो' हे खरं आहे का?

हा आकडा भाषणांत आणि फॉरवर्डांत वर्षानुवर्षं फिरतो आहे, पण त्यामागे पडताळता येईल असा कुठलाही अभ्यास नाही. तो पुढे पाठवू नका. एकतर तो निराधार, वर तो 'यांना पैसा सांभाळता येत नाही' असा ग्रह पसरवतो. ज्या वस्तीत बँक नाही, किराणा दुकान नाही, तिथला पैसा बाहेर जाणारच. त्यात खर्च करणाऱ्याचा दोष नाही.

१०. त्यांच्या बँकेत पैसे ठेवणं सुरक्षित आहे का?

हो. बँक एफडीआयसीची, म्हणजे ठेवींचा विमा उतरवणाऱ्या केंद्रीय संस्थेची, सदस्य असली की प्रत्येक ठेवीदाराच्या अडीच लाख डॉलरपर्यंतच्या ठेवीला संरक्षण असतं. भारतात पाच लाख रुपयांपर्यंत असतं तसंच. क्रेडिट युनियन, म्हणजे आपल्या पतपेढीच्या जवळची संस्था, हिच्या ठेवींनाही तितकंच केंद्रीय संरक्षण मिळतं. खातं उघडण्याआधी तेवढी पाटी बघा, व्याजदर ताडून पाहा, आणि शाखा कमी असतात हे धरून चाला.

अशा बँकांचा इतिहास अभिमानाने सांगण्यासारखा आहे. व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये मॅगी लीना वॉकर यांनी १९०३ साली सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक सुरू केली. त्यांच्या आईचा जन्म गुलामगिरीतला. ती लोकांचे कपडे धुऊन घर चालवत होती. मॅगी स्वतः लहानपणी त्या कपड्यांची गाठोडी पोचवायची. तिच्या बँकेत धुणंभांडी करणाऱ्या बायकांनी नाणी ठेवली आणि त्यातून लोकांनी घरं घेतली. अटलांटाची सिटिझन्स ट्रस्ट बँक १९२१ ची, म्हणजे तुल्सा जळालं त्याच वर्षीची, आणि ती आजही सुरू आहे. न्यूयॉर्कमधली कार्व्हर १९४८ पासून आहे, न्यू ऑर्लीन्सची लिबर्टी १९७२ पासून, आणि बॉस्टनची वनयुनायटेडही नावाजलेली आहे.

सगळं खातं एकदम हलवायची गरज नाही. मुलांच्या शिक्षणासाठी बाजूला काढलेली मुदत ठेव तिथे ठेवली तरी चालेल. बँकेला तेच जास्त उपयोगी पडतं, कारण रोज आत-बाहेर होणाऱ्या पैशापेक्षा ठरावीक मुदतीच्या पैशावर कर्ज देणं सोपं जातं.

११. आणि जमीन? शेती करणारे कृष्णवर्णीय तर दिसतच नाहीत.

१९२० मध्ये अमेरिकेत सुमारे ९ लाख २५ हजार कृष्णवर्णीय शेतकरी होते. २०२२ च्या कृषी गणनेत ही संख्या ५० हजारांच्याही खाली आहे. कर्जात डावलणं, दहशत, शहरांकडे स्थलांतर अशी कारणं अनेक आहेत, पण एक कारण ऐकून माझ्या सोलापूरच्या काकांनी लगेच मान डोलावली.

आजोबा मृत्युपत्र न करता गेले. जमीन सगळ्या वारसांच्या नावे सामायिक झाली. पिढ्या पुढे सरकल्या, वारस वाढत गेले, कुणी शिकागोला गेलं, कुणी डेट्रॉइटला. सातबाऱ्यावर वीस नावं चढतात तसंच हे. इथे धोका असा की बांधकामवाला कुठल्यातरी दूरच्या चुलतभावाचा एवढासा हिस्सा विकत घेतो आणि कोर्टात वाटणी मागतो. जमिनीचे तुकडे करणं अवघड म्हणून कोर्ट सगळी जमीन लिलावात काढतं. पडत्या भावात ती कोण घेणार हे आधीच ठरलेलं असतं. अशा वारसांना संरक्षण देणारा नमुना कायदा २०१० मध्ये तयार झाला आणि जॉर्जियासह बऱ्याच राज्यांनी तो स्वीकारला. तरीही मृत्युपत्र करून देणारा, नोंदी सरळ करून देणारा वकील लागतोच. या कामाला देणगी द्या. १९६७ पासून दक्षिणेतल्या शेतकऱ्यांसाठी राबणारं फेडरेशन ऑफ सदर्न को-ऑपरेटिव्हज हेच काम करतं.

याच संदर्भात आपल्याला जवळची एक गोष्ट. १९६९ मध्ये जॉर्जियाच्या ली काउंटीत चार्ल्स आणि शर्ली शेरॉड यांच्यासह काही कार्यकर्त्यांनी 'न्यू कम्युनिटीज' उभारली: सुमारे ५,७०० एकर, कुणा एकाच्या नावावर नाही, सगळ्यांची मिळून, विकता न येणारी. समाजाच्या मालकीच्या जमिनीचा अमेरिकेतला हा पहिला न्यास मानला जातो. त्यांनी जे नमुने डोळ्यांसमोर ठेवले त्यांत एक होता विनोबांचं ग्रामदान. रायगड जिल्ह्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या माणसाचा विचार जॉर्जियाच्या लाल मातीत पोचला होता. पुढे दुष्काळ पडला, सरकारी खात्याने तातडीचं कर्ज द्यायला टाळाटाळ केली, आणि १९८५ मध्ये जमीन गेली. भेदभावाच्या खटल्यात २००९ साली त्यांना सुमारे १ कोटी २० लाख डॉलर मिळाले. त्यातून त्यांनी ऑल्बनीजवळ १,६०० हून जास्त एकरांचा मळा घेतला. त्या मळ्यावर एकेकाळी गुलाम राबत होते.

१२. घर घेतलं की संपत्ती होते ना? मग सगळ्यांनी घरं घ्यावीत.

घेतात, पण दोन अडचणी आहेत. गोऱ्या कुटुंबांत सुमारे ७४ टक्के स्वतःच्या घरात राहतात, कृष्णवर्णीयांत सुमारे ४५ टक्के. आधीच्या पिढीकडून पहिला हप्ता मिळण्यातला फरक इथे दिसतो (प्रश्न ४). आणि घर घेतलं तरी किंमत सारखी वाढत नाही. ब्रुकिंग्ज संस्थेच्या २०१८ च्या अभ्यासात घर तसंच, सोयी तशाच, पण वस्ती बहुसंख्य कृष्णवर्णीय असेल तर किंमत २३ टक्क्यांनी कमी धरली जाते असं निघालं. सरासरी घरामागे ४८ हजार डॉलर. एका मुलीचं कॉलेज होईल एवढे.

१३. आमचंच दुकान कृष्णवर्णीय वस्तीत आहे. आम्ही काय करावं?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचा मला आदर वाटतो. आपल्यापैकी अनेकांची गॅस स्टेशनं, मोटेलं, दारूची दुकानं अशा वस्त्यांत आहेत, आणि तिथला पैसा संध्याकाळी आपल्याबरोबर उपनगरात येतो.

आधी नोकरी. १९३० च्या दशकात शिकागो आणि हार्लेममध्ये लोकांनी दुकानांसमोर उभं राहून एकच मागणी केली होती: जिथे आम्हाला काम नाही तिथे आम्ही खरेदी करणार नाही. वस्तीतल्या माणसांना कामावर घ्या, आणि फक्त झाडायला ठेवू नका, गल्ल्यावर बसवा, मॅनेजर करा. कॅमेरे, छप्पर, हिशेब अशी कामं वस्तीतल्या माणसांना द्या. शेल्फवर त्यांचा सॉस, त्यांचं केसांचं तेल ठेवा. दुकानाचं खातं प्रश्न १० मधल्या बँकेत उघडा. गिऱ्हाइकाच्या मागे मागे फिरून नजर ठेवू नका. माणसाला ते लगेच कळतं.

आणि निवृत्त व्हायची वेळ आली की दुकान आधी तिथल्याच मॅनेजरला देऊ करा. रक्कम हप्त्यांनी घ्या, करार वकिलाकडून करून घ्या. आमच्या ओळखीतल्या एकांनी असं केलं. पाच वर्षांत पूर्ण रक्कम वसूल झाली, आणि दुकान आज त्याच वस्तीतल्या बाईंच्या नावावर आहे.

१४. ब्रँड मोठ्या कंपनीने विकत घेतला. आता तो 'ब्लॅक-ओन्ड' धरायचा का?

मोजमापाने नाही (प्रश्न १). शेआमॉइश्चर बनवणारी कंपनी २०१७ मध्ये युनिलिव्हरने घेतली, मिएल ऑर्गॅनिक्स २०२३ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलने. अशा वेळी जुने गिऱ्हाईक चिडतात. त्यांचं दुःख समजण्यासारखं आहे. केसांची ही उत्पादनं त्यांच्यासाठी घरची होती, आणि मॅडम सी. जे. वॉकर यांनी १९१० मध्ये इंडियानापोलिसला बस्तान हलवून कारखाना उभारला तेव्हापासून हा धंदा स्वाभिमानाशी जोडलेला आहे. पण कंपनी विकणं हाही संपत्ती तयार होण्याचा मार्ग आहे. गोऱ्या संस्थापकाने कंपनी विकली की आपण अभिनंदन करतो. शेआमॉइश्चरच्या संस्थापकांनी त्या व्यवहारानंतर कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्याक उद्योजिकांसाठी गुंतवणूक निधी उभारला. मी ते शांपू वापरणं सोडलं नाही, फक्त माझ्या यादीतून त्याचं नाव काढलं.

१५. मालक नायजेरिया किंवा इथिओपियातून आलेला असेल तर?

तोही धरा. बँकेच्या काउंटरवर आणि पोलिसांच्या गाडीसमोर त्याला वेगळी वागणूक मिळत नाही. प्रश्न ४ मधला इतिहास मात्र त्याच्या घराण्याचा नाही. जमिनीच्या किंवा भरपाईच्या चर्चेत हा फरक लक्षात ठेवा; इथिओपियन कॉफी पिताना त्याची गरज नाही.

१६. आपल्या भिशीसारखं त्यांच्यात काही आहे का?

अगदी हुबेहूब. पश्चिम आफ्रिकेतून कॅरिबियनमध्ये आणि तिथून न्यूयॉर्कला आलेली 'सुसू'. जमैकावाले तिला 'पार्डनर' म्हणतात, हैतीवाले 'सोल'. दर आठवड्याला ठरलेली रक्कम, आळीपाळीने उचल, सगळा व्यवहार विश्वासावर. परस्पर मदतीची परंपराही जुनी: फिलाडेल्फियात रिचर्ड अ‍ॅलन आणि अ‍ॅब्सलम जोन्स यांनी १७८७ मध्ये फ्री आफ्रिकन सोसायटी स्थापन केली. आजारपण आणि अंत्यविधीसाठी वर्गणी काढणाऱ्या अशा मंडळांच्या परंपरेतूनच पुढे विमा कंपन्या उभ्या राहिल्या. गुलामगिरीत जन्मलेल्या अलोन्झो हर्नडन यांनी न्हाव्याच्या धंद्यातून पैसा उभा केला आणि १९०५ मध्ये अटलांटा लाइफचा पाया घातला.

१७. रंग बघून निवड करणं बेकायदा नाही का?

ग्राहक म्हणून तुम्ही कुठे खरेदी करायची हा पूर्णपणे तुमचा प्रश्न. देणगी कुणाला द्यायची, पैसे कुठल्या बँकेत ठेवायचे, तेही तसंच.

करार करताना मात्र सांभाळा. १८६६ चा नागरी हक्क कायदा करार करण्यात वंशावरून भेद करायला मनाई करतो. तो केला गेला नुकत्याच मुक्त झालेल्या लोकांसाठी. अटलांटातला फिअरलेस फंड कृष्णवर्णीय उद्योजिकांना २० हजार डॉलरचं अनुदान देत होता. २०२३ मध्ये त्याच कायद्याखाली त्यांच्यावर दावा झाला, जून २०२४ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध कौल दिला, आणि सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन ती योजना बंद झाली. ती बातमी वाचून मला खरोखर वाईट वाटलं. तेव्हा मंडळ किंवा कंपनीच्या नावाने 'फक्त अमुक वंशाच्या लोकांसाठी' असं अनुदान किंवा कंत्राट जाहीर करण्याआधी वकिलाला विचारा. सगळ्यांना अर्ज खुला ठेवून माहिती नव्या वस्त्यांत पोचवणं यात अडचण नाही.

आणखी एक. सरकारी कंत्राटांच्या ८(अ) योजनेत काही समाजगट वंचित आहेत असं गृहीत धरलं जाई, आणि त्या यादीत भारतीयही होते. २०२३ मध्ये टेनेसीतल्या न्यायालयाने ते गृहीतक थांबवलं. ज्या दारातून आपले कितीतरी व्यावसायिक आत गेले, ते कृष्णवर्णीयांच्या लढ्यामुळे उघडलं होतं.

१८. बहिष्काराचा उपयोग होतो का?

होतो, जेव्हा मागणी नेमकी असते आणि लोक टिकून राहतात. माँटगोमेरीत १९५५-५६ मध्ये बसमधल्या वंशभेदाविरुद्ध लोक ३८१ दिवस बसमध्ये चढले नाहीत. कामावर पायी गेले, एकमेकांच्या गाड्यांतून गेले.

गुंतागुंतीचं उदाहरण २०२५ चं. टार्गेट या मोठ्या दुकानसाखळीने विविधतेची उद्दिष्टं मागे घेतल्यावर अटलांटा परिसरातल्या एका मोठ्या चर्चच्या पाद्रींनी चाळीस दिवसांच्या खरेदी-उपवासाची हाक दिली. पण त्याच दुकानांच्या शेल्फवर कृष्णवर्णीयांचे ब्रँड होते, आणि विक्री घटली की आधी छोटा ब्रँड शेल्फवरून जातो, अशी काळजी काही मालकांनी उघडपणे बोलून दाखवली. मी त्या दिवसांत ते ब्रँड थेट त्यांच्या संकेतस्थळावरून मागवले. डिलिव्हरीचे पैसे जास्त गेले.

१९. आम्ही महाराष्ट्रात राहतो. आमचा याच्याशी काय संबंध?

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांपुढे मांडायच्या कृष्णवर्णीयांच्या निवेदनाची प्रत मागितली. मुंबईत १९७२ मध्ये उभ्या राहिलेल्या दलित पँथरने नावच तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. आणि २००५ मध्ये पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांची चेंबर, डिक्की, स्थापन केली. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून ४ टक्के खरेदीचं उद्दिष्ट आहे.

तुम्हाला अटलांटातल्या दुकानाची यादी पाठवण्यात अर्थ नाही. सोसायटीच्या रंगकामाचं, कारखान्याच्या पॅकिंगचं, लग्नाच्या केटरिंगचं काम तुम्ही आजवर कुणाला दिलं, ती नावं एकदा कागदावर लिहा. आडनावं बघा. मग प्रश्न ६ पुन्हा वाचा.

२०. दुकानदाराला सांगावं का, की मी मुद्दाम तुमच्याकडे आले आहे?

नको. वस्तू बघा, आवडली तर घ्या, पैसे द्या, नाव विचारा, आपलं सांगा. पुढच्या महिन्यात पुन्हा जा.